पाणंद, बंधारे आणि ग्रॅव्हल सायकल: कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी राईड संपवून गंगावेशीत दूध प्यायला थांबलं की कोण ना कोण सायकलकडं बघत येतंच, टायर दाबून बघतो आणि मग प्रश्न सुरू. गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न ऐकून आता उत्तरं पाठ झाल्यात, म्हणून एकदाची लिहून टाकतो. क्रम असा काही नाही, जसं आठवलं तसं.

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे नक्की काय रे भावा? माउंटन बाईकच ना?

नाही. दिसायला रेसिंग सायकलसारखी, वाकडं हँडल, पण टायर जाड आणि चाकाला चिखल अडकू नये म्हणून फ्रेममध्ये जागा जास्त. डांबरावर बरी पळते आणि डांबर संपलं तरी थांबत नाही, एवढंच तिचं कौतुक. ग्रॅव्हल म्हणजे खडी, पण आपल्याकडं खडीपेक्षा मुरूम, वाळलेली काळी माती, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि पश्चिमेला पन्हाळा-शाहूवाडीकडं गेलं की तांबडा जांभा, हे सगळं त्यात धरायचं. थोडक्यात ज्याला आपण पाणंद म्हणतो ना, शेताशेतातनं जाणारी बैलगाडीची वाट, तेच आपलं ग्रॅव्हल. इंग्रजी नाव मिळाल्यावर त्याच पाणंदीवर लोक हेल्मेट घालून जायला लागले.

युट्यूबवर परदेशातले ट्रेल बघितले, नदीकाठानं नुसती खडी, एक गाडी नाही. तसलं कोल्हापुरात आहे का?

तसलं नाही, आणि हे पहिल्यांदाच कळलेलं बरं. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठानं चेसापीक अँड ओहायो कालव्याचा जुना रस्ता आहे, वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे २९७ किलोमीटरच्या आसपास. कालव्यातनं मालाच्या होड्या जायच्या आणि काठावरनं खेचरं त्या ओढायची, ती खेचरं चालायची तोच आता सायकलचा रस्ता. १९२४ ला कालवा बंद पडला, पुढं तिथं मोटाररस्ता करायचं चाललेलं तर १९५४ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम डग्लस स्वतः सगळं अंतर चालत गेले, सोबत पेपरवाले, आणि १९७१ ला तो ऐतिहासिक राष्ट्रीय उद्यान झाला. वाटेत ७४ लॉक, म्हणजे पाणी चढवून-उतरवून होडी वर-खाली न्यायचे दरवाजे, डोंगरातनं काढलेला साडेनऊशे मीटरचा बोगदा, यादवी युद्धाची रणांगणं, आणि कंबरलँडहून पुढं पिट्सबर्गपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर आणखी २४० किलोमीटर. गाडी नाहीच.

आपल्याकडं असा एक सलग, पाटी लावलेला, पाच किलोमीटरचा पण तुकडा नाही. पण गंमत बघा, तो रस्ता मुळात सायकलवाल्यांसाठी केलेलाच नव्हता, खेचरांसाठी केलेला. आपल्या पाणंदीपण बैलांसाठीच केलेल्या. फरक इतकाच की तिथली खेचरं गेली आणि इथले बैल, ट्रॅक्टर, म्हशी अजून आहेत, रस्ता अजून कामावर आहे. त्यामुळं इथं आपण पाहुणे, आणि पाहुण्यासारखंच जायचं. पुढची निम्मी उत्तरं याच्यावरच येतील.

मग नकाशा कुठून आणायचा? गुगलवर तर पाणंद दिसत नाही.

ह्याचं उत्तर माझं लाडकं आहे. दर जुलैत पेपरात एक बातमी येते, तुम्ही पण हजारदा वाचली असणार: पंचगंगा नदीवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली. मग खाली भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे, कासारीवरचा यवलूज, कुंभीवरचे कळे, सांगशी वगैरे. सगळे लोक ती यादी पूर आला म्हणून वाचतात. मी ती कापून ठेवतो.

कारण पाण्याखाली जातो म्हणजे तो बंधारा नदीला चिकटून, बुटका, मोठ्या वाहतुकीचा नसलेला. आणि प्रत्येक बंधाऱ्याला दोन्ही काठांनी उसातनं येणारी वाट असतेच, नाहीतर शेतकरी पलीकडं जाणार कसा. म्हणजे पावसाळ्यात जे बुडतंय तेच डिसेंबरात आपलं. नकाशावर नदी शोधा, बंधारे टिंबांनी मांडा, आणि एकावरनं नदी ओलांडून दुसऱ्यावरनं परत या. झाली राईड. सॅटेलाइट फोटोत उसाच्या दोन हिरव्या पट्ट्यांमधली तपकिरी रेघ दिसली की ती पाणंद समजायची, पुढं जाऊन कुणाच्या गोठ्यात संपली तर मागं फिरायचं. माझ्या तर निम्म्या संपतात.

हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे काय ते नीट सांगा, नुसतं नाव ऐकलंय.

सोपं आहे. नदीत ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत आडवे बरगे, म्हणजे फळ्या, बसवायचे, पाणी अडतं. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पुराचं पाणी आणि गाळ मोकळा निघून जातो. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती ठासायचे. राज्यभर या बंधाऱ्याला कोल्हापूर पद्धतीचा म्हणतात, सरकारी कागदावर पण. चप्पल, गूळ, मिसळ या सगळ्याच्या आधी खरं तर हे आपलं नाव सांगायला पाहिजे, असं माझं मत.

खांबांवरनं जो अरुंद स्लॅब जातो तो आपला रस्ता. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो किंवा पुरात वाहून गेलेला असतो. समोरनं वैरणीचा भारा घेतलेली मोटरसायकल आली तर उतरून कडेला उभं राहायचं, तिथं शहाणपणा करायचा नाही.

पहिल्यांदाच जायचंय, जवळचं काही सांगा.

पंचगंगा घाटावरनं निघा. निघायच्या आधी पाच मिनिटं तिथंच थांबा, कारण घाटाशेजारची ब्रह्मपुरीची टेकडी ही जागा साधी नाही. १९४५-४६ ला तिथं सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहन काळाचं गाव सापडलं, आणि त्या टेकडीवर मिळालेली समुद्रदेवता पोसायडनची ब्राँझची रोमन मूर्ती आज टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन माल इथं पंचगंगेच्या काठावर येत होता. आपण रोज त्या टेकडीखालनं गाडीवर जातो आणि बघत पण नाही.

तिथनं कसबा बावड्याला जायचं, एवढा पॅच गावातला आहे, सकाळी सहाच्या आत काढला तर काही वाटत नाही. मग राजाराम बंधारा. पावसाळ्यात टीव्हीवर जी पाणीपातळी सांगतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, ती इथलीच. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेलं. बंधाऱ्यावर उभं राहून एकदा वर बघा आणि अंदाज घ्या पाणी कुठवर आलं असेल, मान दुखते. पलीकडं वडणग्याच्या बाजूला उतरलं की उसातल्या वाटा सुरू. वडणग्याच्या तळ्यावर थांबून शिवाजी पुलावरनं परत घाटावर. फिरत फिरत बारा-पंधरा किलोमीटर होतात, नवख्याला दीड तास.

शिवाजी पूल पण एकोणिसाव्या शतकातला, १८७० च्या दशकात बांधलेला, काळ्या दगडाच्या कमानी. खालनं, पाण्याच्या बाजूनं बघितला तरच तो काय आहे ते कळतं.

प्रयाग चिखली सायकलनं जाण्यासारखं आहे का?

आहे की. आंबेवाडी-चिखली, शहरापासनं सात-आठ किलोमीटर. पंचगंगा हे नाव तिथनं सुरू होतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती जी गुप्त मानतात. प्रत्यक्षात संगमावर उभं राहिलं की पाच प्रवाह काही दिसत नाहीत, तुळशी वरच भोगावतीत मिसळून आलेली असते, त्यामुळं पोरं विचारतात पाच कुठायत. जानेवारीत पहाटे गेलात तर नदीवर धुकं इतकं की संगम ऐकू येतो, दिसत नाही. रत्नागिरी रोडचा तुकडा तेवढा लागतो, तिथं जपून, टेम्पोवाले साइड देत नाहीत.

कसबा बीडला लोक सोनं शोधायला जातात म्हणे, खरं का?

जात असतील, मला तर काट्यांशिवाय काही सापडलेलं नाही. पण गावात जुनी सोन्याची नाणी सापडतात हे खरं आहे, पाऊस पडून माती धुपली की शेतात, परसात, छपरावर, त्यामुळं सोन्याचा पाऊस पडलेलं गाव अशी ख्याती. शिलाहार राजांच्या काळातलं मोठं ठाणं. माझ्या दृष्टीनं सोन्यापेक्षा तिथले वीरगळ बघायला पाहिजेत. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड, खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, वरच्यात तो शिवलिंगापुढं. गावात इतके आहेत की एखादा भिंतीला टेकलेला दिसतो, एखाद्याला शेंदूर.

रस्ता फुलेवाडी, बालिंगा सोडला की कोगे, महे असा घ्यायचा, गगनबावड्याच्या मेन रोडवर उगाच रेंगाळायचं नाही. भोगावतीच्या काठाकाठानं उसातनं जाणारे तुकडे मिळतात. एका बाजूनं पंधरा-वीस किलोमीटर धरा, कसं जाताय त्यावर.

हाच तो रूट जिथं माझी जिरली. नोव्हेंबर होता, आकाश निळं, आदल्या रात्री एक अवकाळी सर येऊन गेलेली, मला वाटलं त्यानं काय होतंय. काळ्या मातीत शिरलो आणि पन्नास मीटरमध्ये चाक फिरायचं बंद. माती टायरला, टायर फ्रेमला, सगळं एक गोळा. सायकल खांद्यावर घेतली तर तिचं वजन दुप्पट झालेलं, बुटाचं पण. एक मामा वैरण कापत होते, बघून आधी पोटभर हसले, मग खुरपं दिलं, मग चहा. म्हणाले, पावणं, पाऊस झाल्यावर आमी पन बैल सोडत न्हाई पाणंदीत, तुमी सायकल घालताय.

म्हणजे कधी जायचं?

मामांनी सांगितलं तसं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत तीन-चार कडकडीत उन्हाचे दिवस गेल्याशिवाय नाही. मुरमाला आणि जांभ्याला एवढं बघावं लागत नाही, पाणी निथळतं. जून ते सप्टेंबर नदीकाठ विसरा, बंधारा पाण्याखाली असताना ‘घोटाभरच पाणी आहे’ म्हणून घालणारे दरवर्षी असतात, त्यांच्यात जाऊ नका. ऑक्टोबर अर्धाकच्चा. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी एक नंबर. मार्चनंतर सकाळी नऊ वाजता घरी पाहिजे.

पण हंगामात तर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते भरलेले असतात, मग ट्रॅफिक-फ्री कसलं?

बरोबर पकडलं. हीच तर इथली अडचण आहे, हवा चांगली असते तेव्हाच गळीत हंगाम. डांबरी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, पाठीमागं लाइट नाही, वर टेपवर गाणी फुल्ल, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. म्हणूनच पाणंदीतनं जायचं म्हणतोय मी. पाणंदीत पण ट्रॅक्टर येतो, पण तिथं तो चालीनं येतो आणि लांबनं कळतो. ज्या फडात तोड चालू आहे त्या दिशेला जायचंच नाही, सोपा नियम. तोडकरी पहाटेपासनं राबत असतात, बायका डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढत असतात, त्यांच्या मधनं आपण चकचकीत कपड्यात घंटी वाजवत जायचं हे बरं पण दिसत नाही.

तोड झालेल्या फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात, धूर दिसला तर फिरा माघारी. आणि पाचट रस्त्यावर पसरलेलं असेल तर सायकल हातात धरून चाला. माझा मागचा डिरेलर, गिअर बदलणारा भाग, पाचट अडकूनच तुटला, एक पात चेनमध्ये गेलं, मी पायडल मारत राहिलो, कट्ट. पंधरा किलोमीटर टमटममधनं परत.

कुठली सायकल घेऊ? ग्रॅव्हलच पाहिजे का?

अजिबात नाही. घरात हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची मधली सायकल, असेल आणि त्यात ३८-४० मिलिमीटरचा टायर बसत असेल तर काम झालं. माउंटन बाईक पण चालते, डांबरावर जरा कंटाळा येतो. साधी काळी दूधवाल्याची सायकल याच पाणंदीतनं दोन कॅन बांधून रोज जाते, तिला कुणी ग्रॅव्हल बाईक म्हणत नाही.

नवीनच घेणार असाल तर तीन गोष्टी बघा: ४० ते ४५ चा टायर बसतो का, डिस्क ब्रेक आहे का, आणि पुढचं छोटं दात-चक्र आणि मागचं मोठं यांचे दात जवळपास सारखे आहेत का, कारण पन्हाळ्याच्या बाजूला चढ लागला की बाकी सगळं विसरून तेवढंच आठवतं. मला एका दुकानदारानं २८ चा टायर असलेली सायकल ‘सर हीच ग्रॅव्हलवाली’ म्हणून गळ्यात मारलेली, मला पण तेव्हा कळत नव्हतं. पहिल्याच मुरमात हातांना मुंग्या.

हवा कमी ठेवा. सत्तरेक किलोच्या माणसाला ४० च्या टायरमध्ये ट्यूब असेल तर ४० पीएसआयच्या आसपास, ट्यूबलेसला ३० ते ३५. पंपावर पोरगं सत्तर भरायला बघतं, त्याला थांबवा.

पंक्चरचं काय?

बाभळ. नदीकाठ म्हटलं की बाभळ आली आणि शेतकरी कुंपणाला तिचेच फाटे लावतात, तोडलेल्या फांद्या वाटेत. काटा असा की टायर, ट्यूब आणि दुसऱ्या बाजूनं पण बाहेर. ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रावण, घातलं की नव्वद टक्के कटकट संपते, उन्हाळ्यात मात्र ते लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा. ट्यूब वापरत असाल तर दोन जादा ट्यूब, पॅच, लिव्हर, छोटा पंप. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, हसू नका, सगळ्यांनी केलेलं असतं.

खिद्रापूरची राईड एका दिवसात होते का?

कोल्हापुरातनं जाऊन-येऊन सायकलनंच करायची तर सव्वाशे किलोमीटरच्या पुढं जातं आणि सांगली रोडवर हाल. त्यापेक्षा सायकली गाडीवर टाकून नरसोबाच्या वाडीपर्यंत जा, किंवा मिरजेच्या रेल्वेनं जयसिंगपूरला उतरा, सायकल लगेजमध्ये आधी बुक करावी लागते. वाडीपासनं पुढं कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी करत खिद्रापूर, वीस किलोमीटरच्या आसपास, आणि सगळं सपाट, गिअर बदलायचं पण काम नाही.

हा माझा सगळ्यात आवडता दिवस, म्हणून जरा जास्त लिहितो. वाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. म्हणजे चिखलीला जी पंचगंगा जन्मली ती इथं संपते, तिचं सगळं आयुष्य ऐंशीएक किलोमीटरचं. पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरनं दक्षिण दारानं बाहेर पडतं तो दक्षिणद्वार सोहळा, तेव्हा लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. आपण जाणार हिवाळ्यात, तेव्हा घाट मोकळा, पाणी खाली, आणि बासुंदी ताजी. कवठाची बर्फी परत येताना घ्या, जाताना घेतली तर उरत नाही.

पुढं शिरोळ तालुक्यातली जमीन बघत चला. काही शेतं पांढरी दिसतील, मीठ टाकल्यासारखी. ते क्षारपड, वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन देऊन वर आलेलं. शेजारी अडीच माणूस उंचीचा हिरवागार ऊस आणि मध्येच हा पांढरा तुकडा, सायकलवरनं दिसतं, गाडीतनं नाही दिसत. सैनिक टाकळी नावाप्रमाणंच, पिढ्यान्‌पिढ्या घराघरातनं फौजेत गेलेली माणसं.

आणि खिद्रापूर. तीन बाजूंनी कृष्णा, पलीकडं कर्नाटक. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांनी बाराव्या शतकात बांधलं. आधी स्वर्गमंडप, ४८ खांबांचा, आणि त्याला छताच्या मध्ये तेरा फूट व्यासाचं गोल मोकळं आकाश. खाली त्याच मापाची गोल शिळा. सायकलचे बूट काढून त्या गार शिळेवर पाय ठेवला की वीस किलोमीटरचा शीण उतरतो. त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र बरोबर त्या गोलात येतो म्हणून फोटोवाल्यांची झुंबड, त्या दिवशी शांतता शोधायला जाऊ नका. बाहेरच्या बाजूला खाली हत्तींची रांग, गजपट्ट, देऊळ त्यांच्या पाठीवर उभं. शंकराचं देऊळ असून पुढं नंदी नाही, तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात. गाभाऱ्यात दोन लिंगं, एक कोपेश्वर म्हणजे शंकर आणि दुसरं धोपेश्वर म्हणजे विष्णू, चिडलेल्या शंकराची समजूत काढायला आलेला.

जवळच राजापूरचा बंधारा, कृष्णेवरचा आपल्या हद्दीतला शेवटचा. माझ्या यादीचं पण शेवटचं टिंब तेच. वेळ असेल तर तिथवर जाऊन मगच वळा.

पन्हाळ्याला नदी कुठंय? तरी सगळे तिकडंच जातात.

नदी नाही, पण इतिहास म्हटल्यावर पन्हाळ्याशिवाय कोल्हापूरकराचं भागत नाही. त्यात २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून घेतलं, त्यात पन्हाळा आहे, त्यामुळं गाड्या आणखी वाढल्या. गडावर डांबरी रस्ता जातो, तिथं ग्रॅव्हलचं काही काम नाही. तटावर, पायऱ्यांवर, अंबरखान्यात सायकल घालू नका, बाहेर लावा आणि चालत बघा.

ग्रॅव्हल आहे ते गडाच्या मागं, मसाई पठारावर. जांभ्याचं लांबच्या लांब सपाट पठार, १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटून महाराज विशाळगडाकडं गेले ती वाट याच पठारावरनं. पालखीत महाराज म्हणून बसलेला शिवा काशीद खाली पकडला गेला, आणि पुढं दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू. ते सगळे भर पावसात, रात्री, चिखलातनं पळत गेलेत. आपण डिसेंबरच्या उन्हात पंक्चर झाली म्हणून कुरकुरतो.

सप्टेंबरात पठार फुलांनी भरतं तेव्हा जायचा मोह होतो. जा, पण चालत. मळलेली गाडीवाट सोडून टायर फुलांत घालायचा नाही. एकाच्या टायरची रेघ दुसऱ्याला रस्ता वाटते.

शेतकरी हटकतात का? परवानगी लागते?

गावनकाशावरची पाणंद सगळ्यांची. बांध मात्र ज्याच्या त्याच्या मालकीचा, आणि दोन्हीतला फरक सायकलवरनं नेहमी कळत नाही. त्यामुळं माणूस दिसला की ब्रेक लावायचा, ‘मामा, हिकडनं वाट जाती का?’ एवढं विचारायचं. नव्वद वेळा वाट तर सांगतातच, वर ‘कुठलं गाव, कुणाचं’ सगळं निघतं आणि कुणीतरी पाहुणा निघतो. ऊस मोडून खाऊ नका, मागा, मोळी देतील, ती सायकलवर कशी न्यायची हा तुमचा प्रश्न. पिकाला पाणी चालू असेल आणि पाट वाटेतनं गेला असेल तर सायकल उचलून तो ओलांडायचा, टायरनं फोडला तर शिव्या खायच्या, गप खायच्या. घोळका करून जाऊ नका, चार-पाच जण बास. स्पीकर घरी ठेवा.

कुत्री, साप, गवा?

कुत्री रोजची. वस्तीवरचं कुत्रं राखणीला असतं, त्याचं काम ते करतंय. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, चालत पुढं. पळालं की ते पण पळतं. उसात घोणस असते, त्यामुळं लघवीला उसाच्या सरीत शिरू नका, वाटेच्या कडेला थांबा. गवे पन्हाळा आणि राधानगरी भागात पहाटे उसात येतात. दिसला तर फोटो काढत जवळ जायचं नाही, तो म्हशीसारखा दिसतो पण म्हैस नाही.

बायकांनी, मुलींनी जाण्यासारखं आहे का?

आमच्यात तिघी येतात आणि त्यांचं म्हणणं असं की डांबरी रोडपेक्षा पाणंद बरी, शेतात बायका असतातच, बोलतात, पाणी देतात. पण एकटीनं अंधारात उसातनं नको, हे त्यांनीच सांगितलंय, आणि उसात रेंज जाते म्हणून घरी रूट सांगून निघायचं. हे खरं तर पुरुषांना पण लागू. बाथरूमची अडचण आहे, देवळं आणि शाळा बघून थांबायची ठिकाणं आधी ठरवा.

लहान मुलांना घेऊन: वडणगे-राजाराम लूप चालेल, बंधाऱ्यावर मात्र हात धरून, चालत.

नदीला वास येतो ना पण?

येतो. खोटं कशाला बोलू. कोल्हापूरच्या वर कासारी-भोगावतीकडं पाणी स्वच्छ, खाली इचलकरंजी-तेरवाडकडं उन्हाळ्यात काळं पाणी आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा, लांबनं हिरवळ वाटते. एप्रिलमध्ये त्या बाजूला जाऊ नका आणि कुठंच नदीचं पाणी बाटलीत भरू नका. एकदा सायकलवरनं संगमापासनं खालीपर्यंत गेलं की कुठल्या गावापाशी नदीचं काय झालं ते नाकालाच कळतं, रिपोर्ट वाचायची गरज नाही.

पाणंद रस्ते आता पक्के होतायत, मग तुमचं ग्रॅव्हल संपणार की.

होऊ देत. ज्याचा ऊस पावसात अडकून पडतो, ज्याची बाळंतीण चिखलातनं खाटेवर न्यावी लागते त्याला विचारा खडीकरण पाहिजे का नको. आमची रविवारची मजा म्हणून त्यांनी चिखल तुडवायचा काय? आणि मुरूम-खडी टाकली तर आपलं उलट भलंच आहे. काँक्रीट केलं तर थोडं वाईट वाटेल, एवढं कबूल.

खायला प्यायला?

उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळ चालू दिसलं की थांबा, गरम काकवी आणि रस, बाकी जेल-बिल लागत नाही. पाणी दोन लिटर बरोबर ठेवा. मिसळ राईडच्या नंतर, आधी नाही. आधी खाऊन मुरमात गेलेला एक जण मला माहीत आहे, तो मीच.

रविवारी किती वाजता निघता?

साडेपाचला घाटावर. पाच पस्तीसला कोणी नसेल तर आम्ही गेलेलो असतो, बावड्याच्या दिशेनं या. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर घाटावर येऊ नका, सरळ गंगावेशीत या, दुधाला.